वूल्सथॉर्पच्या घरातला उजेड

इंग्लंडमधल्या वूल्सथॉर्पला, आयझॅक न्यूटन जिथे जन्मला त्या घरात, खालच्या मोठ्या खोलीत, फायरप्लेसशेजारच्या भिंतीला माझ्या भाच्याने जाता जाता सहज हात लावला. कोपऱ्यात बसलेल्या स्वयंसेवक बाई उठून जवळ आल्या आणि रागे न भरता त्याला म्हणाल्या, "इथे हात नको लावू बाळा, ही भिंत आम्हाला फार जपावी लागते." मग त्यांनीच त्याला सांगितलं, की या गिलाव्यावर ओरखडून काढलेली एक पवनचक्की आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. २०१७ साली संशोधकांनी भिंतीवर वेगवेगळ्या कोनांतून उजेड पाडून फोटो काढले, ते संगणकावर एकत्र केले, तेव्हा ती उमटली. काढणारा बहुधा छोटा आयझॅक न्यूटनच. भाचा दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून वाकून त्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "आत्या, मग तेव्हा त्याला कुणी ओरडलं नाही?" मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली असती, पण तो खरंच उत्तराची वाट बघत होता. गाडीत, घरी आल्यावर, रात्री भांडी आवरताना तो प्रश्न माझ्या मागे मागे येत राहिला.

ओरडायला त्या घरात होतं तरी कोण?

लोक इथे येतात ते सफरचंदाच्या झाडासाठी. कुंपणाआड उभं असलेलं ते वाकडं, जमिनीवर लोळल्यासारखं वाढलेलं झाड १८२० च्या सुमारास वादळात आडवं झालं आणि पडल्या जागी पुन्हा रुजलं. त्याच्यापुढे फोटोसाठी रांग असते, आणि रांगेतल्या प्रत्येकाची पाठ घराकडे असते. मला मात्र त्या दिवशी घर सोडवेना. नावात मॅनर असला, तरी हा वाडा किंवा गढी म्हणावी असा प्रकार नाही. हे चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याचं सतराव्या शतकातलं दुमजली दगडी घर आहे. पुढे लांब मुख्य भाग, मागे त्याला काटकोनात जोडलेला स्वयंपाकघराचा भाग, दगडाच्या उभ्या दांड्यांनी विभागलेल्या खिडक्या. दारावर न्यूटन घराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे, नडगीची दोन आडवीतिडवी हाडं. ते आणि त्याखालचा लेख नंतरच्या लोकांनी बसवला. मूळच्या घराला असल्या मिरवण्याची गरज नव्हती. आजोबा रॉबर्ट न्यूटनने १६२३ साली ही मालमत्ता विकत घेतली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मेंढ्या असणार, कुरणं असणार.

दगड राखाडी, पण ऊन पडलं की मधासारखी किंचित पिवळी छटा येते. लिंकनशरचा हा चुनखडीचा दगड सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी साचला. भिंत नाकाला लागेल इतक्या जवळून पाहिली तर बारीक बारीक गोल कण दिसतात, अगदी माशाच्या गाबोळीसारखे. कुठे एखाद्या शिंपल्याची कड. भिंतीच्या अंगात वेडेवाकडे दगड, कोपऱ्यांना मात्र घडीव, मोठे चिरे, आणि मधल्या सांध्यांत चुना. या बांधकामात सिमेंट चालत नाही. दगड पावसात पाणी पितो आणि चुन्याच्या सांध्यांतून ते हळूहळू बाहेर सोडतो. सांधे सिमेंटने बुजवले, की पाण्याला दगडातूनच बाहेर पडावं लागतं आणि थंडीत दगडाचे पापुद्रे निघू लागतात. इंग्लंडमधली किती तरी जुनी घरं अशा आधुनिक डागडुजीनेच सोलवटली आहेत. चुन्याने आधी झिजावं आणि दगडाला वाचवावं, ही गवंड्यांची जुनी समज मला फार शहाणपणाची वाटते.

आमचं आजोळ वाईकडचं, काळ्या दगडाचं. त्या दगडावर आम्ही पोरांनी कितीही खिळे घासले तरी पांढरट रेघेपलीकडे काही उमटायचं नाही, आणि तीही ओल्या फडक्याने पुसली जायची. नाव कोरायचं तर पाथरवटच हवा, छिन्नी हातोडा घेऊन. आम्ही कोळशाने लिहायचो आणि दिवाळीच्या आधी चुना लागला की सगळं पुन्हा कोरं. लाव्हाचा दगड मुलांना दाद देत नाही. इथला चुनखडीचा दगड देतो. खिशातल्या चाकूने त्यात रेघ ओढता येते, वर्तुळ कोरता येतं. न्यूटनने लहानपणी या घराच्या भिंतींवर सूर्यघड्याळं कोरली, जवळच्या ग्रँथम गावच्या शाळेत खिडकीच्या दगडी उंबरठ्यावर आपलं नाव कोरलं. त्याच्या हाताच्या चळवळेपणाच्या गोष्टी सगळेच सांगतात. तो वाईत जन्मला असता तर त्याची कोणती खूण उरली असती, असं माझ्या मनात आलं. ज्या दगडाच्या घरात मूल वाढतं, तो दगड त्याला काय करू देतो यालाही काही अर्थ असेल.

छपरांची तर आणखी वेगळीच गोष्ट आहे. या पट्ट्यात चांगल्या घरांवर कॉलीवेस्टनच्या दगडी फरश्या घालायची रीत होती. हे गाव इथून दक्षिणेला, स्टॅमफर्डच्या पलीकडे. तिथला चुनखडीचा दगड हिवाळ्यात खाणीतून काढायचा, उघड्यावर पसरायचा आणि सतत ओला ठेवायचा. रात्री कडाक्याची थंडी पडली की आतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड आपोआप थराथरात सुटतो. मग फक्त हातोडीने उकलायचं. दगड मध्येच वाळला तर संपलं, तो पुन्हा उकलत नाही. तयार फरश्या छपरावर चढवताना वळचणीला सगळ्यात मोठ्या, आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत जाणाऱ्या. वजन भिंतीच्या डोक्यावर यावं आणि वरचं छप्पर हलकं राहावं म्हणून. आता तिथले हिवाळे भरवशाचे राहिले नाहीत, म्हणून दगड शीतपेट्यांत घालून गोठवतात. थंडीच्या रात्रींनी फुकट करून दिलेलं काम आता विजेवर करावं लागतं, हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण त्यामुळे ती छपरं दुरुस्त होतायत, हेही खरं.

आत गेलं की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा, आणि मग अंधार. दुपारची वेळ होती, बाहेर लख्ख ऊन होतं, तरी डोळे सरावायला क्षणभर लागलं. धुरकट लाकडाचा, जुन्या राखेचा मंद वास. जाड भिंतीच्या पोटातून खिडकीचा उजेड येतो तो तिरपा होऊन, एका पट्ट्यापुरता, आणि बाकीची खोली त्या पट्ट्याच्या उष्ट्या उजेडावर भागवते. त्या काळच्या शेतकरी घरांत अशीच मांडणी असायची. मधली मोठी खोली म्हणजे जेवणाखाणाची, बसण्याउठण्याची जागा. बाजूला घरमालकाची आतली खोली, मागे स्वयंपाकघर, वर निजायच्या खोल्या आणि धान्य, लोकर साठवायच्या जागा. जिथे तिथे चूल, कारण उष्णता आणि संध्याकाळचा उजेड दोन्ही तिथूनच. बाप आयझॅक, हो, त्याचंही नाव आयझॅकच, मुलाच्या जन्माआधी १६४२ च्या ऑक्टोबरात वारला. त्याच्या मालमत्तेची यादी शिल्लक आहे. २३४ मेंढ्या आणि ४६ गुरं. आसपासच्या साध्या शेतकऱ्यांच्या मानाने हे मोठंच खटलं. पण या माणसाला स्वतःची सही करता येत नव्हती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या खोलीत मुलगा जन्मला. दिवस भरायच्या आधी जन्मलेला, इतका चिमुकला की जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

तो तीन वर्षांचा असताना आई हॅना हिने जवळच्याच नॉर्थ विदममधल्या एका वयस्कर पाद्र्याशी लग्न केलं. पाद्र्याला बायको हवी होती, तिचं मूल नको होतं. हॅना तिकडे गेली, आजी इकडे राहायला आली. दोन गावांमधलं अंतर इतकं थोडं आहे, की मला नकाशा बघताना राग आला. चालत जाऊन यावं इतकं. पुढे एकोणीस वर्षांचा असताना, १६६२ साली, न्यूटनने आपल्या पापांची एक यादी स्वतःसाठी लिहून ठेवली. रविवारी पाणी उडवलं, आईच्या शब्दाबाहेर गेलो, अशा बारीकसारीक नोंदींमध्ये एक नोंद आहे: आई आणि सावत्र बाप यांना घरासकट जाळून टाकायची धमकी दिली. एवढ्या वर्षांनी त्याला ते आठवत होतं आणि ते पाप म्हणून लिहावंसं वाटलं. वूल्सथॉर्पच्या त्या मोठ्या खोलीत उभं राहून हे आठवलं, की भिंतीवरची अदृश्य पवनचक्की निराळीच दिसायला लागते. आजीने कदाचित ओरडलंही असेल. कदाचित तिला दिसलंच नसेल, त्या अंधारात कोपऱ्यातल्या ओरखड्यांकडे कोण बघतंय. भाच्याला मी पुढे एवढंच सांगितलं, की त्याची आई तेव्हा दुसऱ्या घरी राहत होती. त्यावर तो गप्प झाला आणि मग आपल्या आईशेजारी जाऊन बसला.

हॅना परत आली, १६५३ मध्ये पाद्री वारल्यावर, तीन लहान मुलांना घेऊन. घर पुन्हा भरलं. थोरल्याने शेती सांभाळावी अशी तिची इच्छा होती आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. एवढं खटलं एकटीने किती दिवस ओढायचं? म्हणून तिने त्याला शाळेतून काढून घरी आणला. परिणाम गावच्या कागदपत्रांत आहे. ऑक्टोबर १६५९ मध्ये त्याला मॅनर कोर्टाने, म्हणजे गावच्या जमीनदारीच्या न्यायालयाने, दंड केला: मेंढ्यांनी दुसऱ्याच्या रानात शिरून नुकसान केलं म्हणून ३ शिलिंग ४ पेन्स, डुकरं पिकात घुसली म्हणून १ शिलिंग, आणि कुंपण मोडकं ठेवलं म्हणून आणखी १ शिलिंग. शेवटी मामाने आणि शाळेच्या मास्तरांनी मध्ये पडून त्याला पुन्हा शिकायला पाठवलं. पण घर सुटलं नाही. १६६५ च्या प्लेगमध्ये तो शिकत होता ते केंब्रिज विद्यापीठ बंद पडलं तेव्हा तो इथेच आला. आणि १६७९ मध्ये हॅना तापाने आजारी पडली, तेव्हा येऊन तिच्या उशाशी रात्र रात्र बसला, तिच्या अंगावरच्या फोडांना स्वतःच्या हाताने औषधपाणी केलं. तिला शेजारच्या कोल्स्टरवर्थ गावच्या चर्चमध्ये पुरलं, लोकरीच्या कापडात गुंडाळून. देशातल्या लोकरीचा धंदा चालावा म्हणून तेव्हा तसा कायदाच होता. मेंढ्यांवर उभ्या राहिलेल्या घरातल्या बाईला शेवटी लोकरच मिळाली.

वरची खोली बघताना मला सगळ्यात जास्त आठवण झाली ती फळ्यांची. न्यूटन हयात असतानाच, १७२१ मध्ये, विल्यम स्टुकली नावाचा त्याचा स्नेही हे घर बघायला आला होता. त्याने घराचं चित्र काढलं, आणि या भागातल्या रीतीप्रमाणे दगडात बांधलेलं, बऱ्यापैकी चांगलं घर आहे असं लिहून ठेवलं. त्याला वर नेऊन न्यूटनची अभ्यासाची जागा दाखवली, तेव्हा पुस्तकांच्या फळ्या स्वतः न्यूटनने ठोकलेल्या आहेत हे त्याच्या लक्षात आलं. केंब्रिजहून पुस्तकं आणि कपडे ज्या स्वस्त लाकडाच्या खोक्यांतून आले असतील, ती खोकी मोडून केलेल्या फळ्या. घरात सुतार बोलवायची ऐपत होती. पण मेंढ्या, डुकरं, सावत्र भावंडं, लोकरीचे गठ्ठे यांच्या घरात त्याने आपल्यासाठी एक कोपरा स्वतःच्या हाताने केला. घर कसं बांधलंय हे सांगणारे पुष्कळ असतात. घरातल्या माणसाने त्यात स्वतःला कसं बसवलं, हे सांगणाऱ्या स्टुकलीचे माझ्यावर उपकार आहेत.

आणि मग खिडकी. १६७२ मध्ये रॉयल सोसायटीला, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला, लिहिलेल्या पत्रात न्यूटन म्हणतो, की खोलीत अंधार केला, खिडकीच्या झडपेला छोटं भोक पाडलं, त्यातून आलेला सूर्यप्रकाश लोलकातून २२ फूट दूरच्या भिंतीवर पाडला. खोली कुठली, वूल्सथॉर्पची की केंब्रिजची, ते पत्रात नाही. इथे मात्र वरच्या मजल्यावर लोलक मांडून ठेवलाय आणि भिंतीवर रंगांचा पट्टा पडलेला असतो, मुलं त्यात हात घालून रंगवून घेतात. तो पट्टा बघताना मला आजोळची कौलं आठवली. दुपारी माजघरात जमिनीवर कवडसे पडायचे. कौलांच्या फटी वेड्यावाकड्या, पण कवडसे मात्र गोल गरगरीत, कारण तो प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच. आम्ही त्यात तळहात धरून बसायचो, धूळ तरंगताना बघायचो, कवडसा सरकत उखळापर्यंत गेला की चहाची वेळ. न्यूटनलाही भोकातून आलेलं ऊन गोल पडायला हवं हे पुरतं ठाऊक होतं. लोलकातून गेल्यावर ते गोल न राहता रुंदीच्या पाचपट लांब, १३¼ इंचांचं झालं, आणि या लांबीचंच त्याला नवल वाटलं. रंग तर सगळ्यांनीच पाहिले होते. आकार चुकला हे त्यालाच खटकलं. माझी समजूत अशी, की ज्याच्या घरात उजेड मोजूनमापून येतो, त्यालाच उजेडाचा आकार कळतो. चारी बाजूंनी काचा असलेल्या घरात हे कुणाच्या नजरेला पडलं असतं का, कोण जाणे. म्हातारपणीही तो बसलेल्या खोलीतल्या सावल्यांवर लक्ष ठेवायचा, आणि कुणी वेळ विचारली तर घड्याळाऐवजी सावलीकडे बघून सांगायचा, असं त्याच्या जवळच्यांनी लिहिलंय.

याच माणसाच्या आयुष्यात पुढे खिडक्यांवर कर आला. १६९६ मध्ये इंग्लंडची नाणी कडा कातरून कातरून निम्मीशिम्मी झाली होती. ती परत घेऊन नवी पाडायची, तर खजिन्याला मोठी खोट बसणार. ती भरून काढायला पार्लमेंटने घरांवर नवा कर बसवला, आणि दहाच्या वर खिडक्या असतील तर जास्त. नवी नाणी पाडायच्या कामावर त्याच वर्षी टांकसाळीत रुजू झाला न्यूटन. खिडकीच्या भोकातून प्रकाशाचं गुपित काढणाऱ्या माणसाच्या कामाचा खर्च लोकांच्या खिडक्यांतून वसूल झाला, आणि कर चुकवण्यासाठी देशभर लोकांनी खिडक्या दगड-विटांनी बुजवल्या. तो कर १८५१ पर्यंत चालला. त्या प्रदेशात गाडीने फिरताना जुन्या घरांच्या भिंतीत चौकट आहे पण खिडकी नाही, अशा जागा दिसतात. सगळ्याच काही करामुळे बुजलेल्या नसतात, पण ज्या आहेत त्यांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या लोक अंधारात जगले. न्यूटनवर त्याचा दोष जात नाही. तरी मला हे विसरता येत नाही.

मराठी माणसाला या घराची ओळख एका वेगळ्या वाटेने आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात वूल्सथॉर्पच्या झाडाच्या वंशातली कलमं लावली होती. ती रुजली, त्यांना फळंही धरली, पण आपल्या हवेत ती कायमची टिकली नाहीत. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या त्या संस्थेच्या इमारती वास्तुकार चार्ल्स कोरियांनी काळ्या दगडात बांधल्या. खाली रांगडा स्थानिक दगड, वर कडप्पा, त्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट, त्यात आभाळ दिसतं. मधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, आइन्स्टाइन यांच्याबरोबर न्यूटनही आहे. चुनखडीच्या घरातला हा पोरगा आमच्या काळ्या दगडाच्या अंगणात येऊन बसलाय, याचा मला मनापासून आनंद आहे.

वूल्सथॉर्पचं घर १९४२ साली, न्यूटनच्या जन्माला ३०० वर्षं झाली तेव्हा, रॉयल सोसायटी आणि पिलग्रिम ट्रस्टने मिळवलं आणि पुढच्या वर्षी जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे सोपवलं. युद्ध ऐन भरात असताना कुणीतरी एका शेतघराची काळजी केली. त्यांनी सांभाळलंय ते फार चांगलं. तरी एका गोष्टीवर माझं मन ठरत नाही. भिंतीतून कापून काढलेलं न्यूटनचं एक सूर्यघड्याळ लंडनला रॉयल सोसायटीत गेलं. दुसरं कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये, आतल्या भिंतीत बसवलंय. आम्ही ते बघायला गेलो. भाच्याने त्याच्यासमोर उभं राहून त्याच्या आईला विचारलं, की आता किती वाजलेत ते यात कसं बघायचं. बघता येत नाही, कारण सूर्यघड्याळ त्याच्या भिंतीच्या दिशेवर चालतं. भिंत कुठल्या बाजूला तोंड करून आहे, त्यावरून त्याच्या रेघा ठरतात. दुसऱ्या भिंतीत, त्यातून छपराखाली नेलं, की तो नुसता रेघा मारलेला दगड उरतो. दुसऱ्या बाजूने, उघड्यावर राहिलं असतं तर त्या मऊ दगडावरच्या लहान हाताच्या रेघा वाऱ्यापावसाने केव्हाच झिजून गेल्या असत्या, आणि आज भाच्याला दाखवायला काहीच नसतं. वहिनी म्हणाली, वाचलं हे बरंच झालं. मी अजूनही म्हणते की तो दगड दक्षिणेकडच्या उन्हातच राहायला हवा होता, झिजला असता तरी.